अर्धा आटा

‘बरणीचे झाकण उघडताना कष्ट पडतात का?’ या प्रश्नासमोर तिनं ‘अजिबात नाही’च्या चौकटीत खूण केली आणि पेन पुन्हा अंगठा आणि मधलं बोट यांच्या बेचक्यात नीट बसवलं. तर्जनी या कामाची राहिली नव्हती. मुळापासून नखापर्यंत ती सारखीच जाड झाली होती; कुठलं पेर कुठं संपतं ते ओळखू येत नव्हतं. नखावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. डाव्या हाताच्या अनामिकेचीही तीच गत. तिच्यातली अंगठी शेवटी सोनाराकडून कापून काढावी लागली होती.

‘नळ उघडताना किंवा बंद करताना?’ अजिबात नाही. ‘कुलूप किल्लीने उघडताना?’ इथं ती जरा अडली. किल्ली फिरवायची वेळ तिच्यावर येतच नसे. संध्याकाळी कामावरून यावं तर दार नुसतं लोटलेलं असायचं. वेळच येत नाही तर कष्ट कुठले? अजिबात नाही. ‘सकाळी अंथरुणातून उठताना?’ फार. ‘गुंड्या लावताना?’ थोडे.

वाढवून सांगणं तिच्या स्वभावात नव्हतं. बारा वर्षं ती चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलावर बसून फ्रेमी दुरुस्त करत आली होती, आणि त्या कामात पाव मिलिमीटर म्हणजे पाव मिलिमीटर. त्याला कुणी अर्धा म्हटलं की तिला राग यायचा. फॉर्म ती त्याच चोखपणे भरत होती. फक्त त्या दोन पानांत ‘चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवताना कष्ट पडतात का?’ असा प्रश्न नव्हता. असता तर तिला शेजारी एक पाचवी चौकट आखून घ्यावी लागली असती.

शेजारच्या खुर्चीत सासरे बसले होते. मांडीवर तिच्या तपासण्यांची फाइल, फाइलवर दोन्ही हात. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं व्हॉल्व्ह उघडझाप करून निवृत्त झालेला माणूस. बोलणं आधीच बेताचं, निवृत्तीनंतर तेही आटलेलं. त्यांच्या चष्म्याची उजवी काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली होती. गेलं वर्षभर ती म्हणत होती, द्या इकडे, दुकानात नेते, मालक लावून देतील. ते म्हणत, राहू दे, दिसतंय मला.

“झालं भरून?” त्यांनी विचारलं.

“झालं, अप्पा.”

त्यांनी फॉर्मकडे मान वळवली, पण तोवर आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली. टाचेतून कळ आली ती तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून जिरवली.

“मी येऊ आत?”

“नको, बसा तुम्ही. लागलं तर बोलावते.”

आपण सुनेच्या सोबतीला आलो आहोत, असं अप्पांना वाटत होतं. खरं तर तीच त्यांना घेऊन आली होती. नवरा फिरतीच्या नोकरीवर, महिन्याचे वीस दिवस बाहेर, त्याला फोनवर सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, “वय झालंय गं, एखादा स्क्रू ढिला होणारच.” तेव्हा तिनं ठरवलं, आपणच डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

डॉक्टरबाईंनी आधी तिचे हात आपल्या हातांत घेतले. एकेक सांधा दाबत त्या तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या आणि मनातल्या मनात मोजत होत्या. मग कोपरं बघितली. तिथले लाल, खवल्यांचे चट्टे थोडे फिके झाले होते, पण होते. याच चट्ट्यांपासून सगळं सुरू झालं होतं. आधी सोरायसिस म्हणजे नुसता कातडीचा त्रास, असं सगळे समजून चालले होते. मग एका हिवाळ्यात तो सांध्यांत उतरला आणि त्याला लांबलचक नाव मिळालं, सोरायटिक आर्थ्रायटिस.

“गोळी नियमित?”

“हो. आठवड्यातून एकदाच, सोमवारी. अप्पा काढून ठेवतात.”

“मळमळ?”

“दुसऱ्या दिवशी असते. आमच्याकडे मंगळवार नाहीच आता, मळमळवार म्हणतो आम्ही त्याला.”

डॉक्टरबाई हसल्या. मग त्यांनी फॉर्म पुढ्यात ओढला, चौकटींचे आकडे मांडले, बेरीज केली आणि पुन्हा एकदा केली.

“बोट काही उतरलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण सुजलेले सांधे थोडे कमी झालेत, आणि फॉर्म तर मागच्या वेळेपेक्षाही चांगला आहे. नवीन इंजेक्शन मंजूर करून घ्यायचं तर दोन्ही आकडे एका रेषेच्या वर लागतात. सांध्यांचा काठावर आहे. हा मात्र बराच खाली आहे. म्हणजे रोजचं सगळं होतंय तुमचं. तर गोळीच चालू ठेवू या का? तीन महिन्यांनी बघू.”

“चालेल,” ती म्हणाली.

चालणार नव्हतं. दुकानातल्या तिच्या टेबलावर वर्षभर कापड टाकलेलं होतं. एका गिऱ्हाइकाच्या फ्रेमीचा स्क्रू तिच्या बोटांतून लागोपाठ सात वेळा निसटला, तेव्हा मालकांनी आवाज न चढवता तिला पुढच्या काउंटरवर बसवलं होतं. तेव्हापासून ती फ्रेमी दाखवत होती, पावत्या फाडत होती, आणि दुरुस्त्या मालक स्वतः दुकान बंद झाल्यावर करत होते. गेल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, “नवीन वर्षापर्यंत टेबल तुमचंच. पुढं मात्र मला कुणीतरी बघावं लागेल हो. माझेही डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत.” नवीन वर्षाला पाच महिने होते. हे सगळं जिभेच्या टोकावर होतं. पण फॉर्मवर आकडा होता, आणि आकडा तिनं स्वतः, खरा, भरला होता.

तिनं पिशवी उचलली. मग पुन्हा खाली ठेवली.

“एक विचारायचं होतं. माझं नाही. सासऱ्यांबद्दल.”

“बोला ना.”

“ते विसरायला लागलेत.” हे वाक्य तिनं घरून येतानाच मनात बसवून आणलं होतं. “घरात एक झाकण नीट लावलेलं सापडत नाही. साखर, मीठ, कॉफी, काहीही घ्या, झाकण नुसतं वर टेकवल्यासारखं. परवा मिऱ्यांची बरणी झाकणाला धरून उचलली तर झाकण हातात आणि मिरी घरभर. नळ बघावेत तर सगळे ठिबकतात. ज्या माणसाचा सगळा जन्म पाणी बंद करण्यात गेला त्याच्या हातून नळ उघडा राहतो, बाई! खाली वाडगा ठेवायला मात्र विसरत नाहीत. दार नुसतं लोटून बसतात, कुणीही आत शिरेल. आणि सून चष्म्याच्या दुकानात, तर चष्म्याला दोरा बांधून फिरतात.”

“गॅस चालू राहतो कधी?”

“नाही.”

“रस्ता चुकतात? नावं विसरतात?”

“छे. माझ्या गोळीचा वार ते कधी चुकले नाहीत. रक्ताच्या तपासणीची तारीख त्यांच्या तोंडपाठ.”

“म्हणजे नुसती झाकणं.”

“आणि नळ. आणि दार.”

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं.

“हे कधीपासून?”

“झाली असतील दोन वर्षं. आधी मी दुर्लक्ष केलं, म्हटलं म्हातारपण. पण आता मला...”

“आणि तुमची बोटं कधीपासून?”

“दोन...” ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी फॉर्म तिच्या बाजूला फिरवून पुढे सरकवला. झाकण, नळ, कुलूप. तीन प्रश्न, एकाखाली एक, आणि समोर तिच्याच हातच्या तीन खुणा. अजिबात नाही. अजिबात नाही. अजिबात नाही.

“बोलवा त्यांना आत,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

अप्पा आले ते फाइल छातीशी धरूनच. काहीतरी गंभीर निघालं असणार, अशा चेहऱ्यानं त्यांनी आधी सुनेकडे बघितलं, मग डॉक्टरबाईंकडे.

“काका, घरातली झाकणं सैल कोण ठेवतं?”

त्यांनी मान खाली घातली. कॉपी करताना पकडलेला मुलगाही इतका ओशाळणार नाही.

“अर्धा आटा फक्त,” ते म्हणाले. “त्याच्यावर नाही.”

“अर्धा काय?”

“आटा. झाकणाला, स्क्रूला आतून वेढे असतात ना, ते आटे.” आता ते आपल्या कामावर आले होते आणि आवाज जरा मोकळा झाला. “आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. व्हॉल्व्ह बंद करायचा तर पूर्ण आवळायचा आणि मग अर्धा आटा मागे घ्यायचा. तसाच कचकचून सोडला तर तो आवळूनच बसतो. उद्या पाळीवर दुसरा कुणी येतो, त्याचं मनगट मोडतं, नाहीतर व्हॉल्व्ह तरी. आपल्यानंतर येणाऱ्याला उघडता आला पाहिजे.”

“आणि घरी?”

“मी पाचला उठतो. ही सहाला. तेवढ्यात फिरून येतो एकदा. सव्वीस बरण्या आहेत. औषधांच्या बाटल्या वेगळ्या. मिरी सांडली ती माझी चूक. त्या बरणीचे आटे झिजलेत, तिला अर्धाही जास्त होतो. मला कळायला हवं होतं.”

तिच्या तोंडून आवाज फुटला तो हसण्याचा होता का रडण्याचा, हे तिलाही सांगता आलं नसतं. गेले चार महिने ती मनातल्या मनात कशाकशाची तयारी करत होती! त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवायची, गॅसला वेगळं कुलूप करायचं, एक दिवस ते आपल्याला ओळखणार नाहीत तेव्हा रडायचं नाही. आणि हा माणूस रोज पहाटे सव्वीस बरण्यांवरून हात फिरवून येत होता. तिचा जीव भांड्यात पडला. तेही झाकण सैल असलेल्या.

“मला सांगायचं ना, अप्पा.”

“त्यात सांगण्यासारखं काय?”

“मला वाटलं तुम्ही...” पुढचं तिनं सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

डॉक्टरबाई मात्र कोरा फॉर्म काढून बसल्या होत्या. “काका, तुम्ही माझा सगळा फॉर्म बिघडवलात,” त्या म्हणाल्या, पण रागावून नाही. “तिनं खरंच लिहिलं. तुम्हीच तिला खोटं पाडलंत. आता एक करायचं. आठवडाभर सगळं घट्ट. झाकणं, नळ, दार, सगळं. हात लावायचा नाही. मग हिनं हा फॉर्म भरायचा आणि मला आणून द्यायचा.”

“बाई, तिला नाही उघडणार,” अप्पा कळवळून म्हणाले.

“तेच मला कागदावर हवंय.”

तो आठवडा त्या घरात दोघांनाही जड गेला, पण अप्पांना जास्त. पहिल्या सकाळी त्यांनी चौतीस वर्षांत केलं नसेल इतक्या नाइलाजानं एकेक झाकण आवळलं आणि खिडकीशी जाऊन हात पाठीमागे बांधून उभे राहिले. ती ओट्यापाशी साखरेच्या बरणीशी झोंबत होती. आधी नुसत्या हातानं, मग फडक्यानं, मग बरणी पोटाशी धरून, मग गुडघ्यांत. तर्जनीतून वीज गेल्यासारखी कळ खांद्यापर्यंत पोचली. अप्पांचे पाठीमागचे हात एकमेकांना घट्ट धरून होते. चहा बिनसाखरेचा झाला. दोघांनी तो तसाच प्यायला.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातला नळ बंद करता येईना म्हणून ती पाच मिनिटं वाहत्या पाण्याकडे बघत बसली आणि अप्पा बाहेर येरझारा घालत राहिले. वाहतं पाणी ऐकून काहीच न करणं त्यांना जन्मात ठाऊक नव्हतं. तिसऱ्या संध्याकाळी कुलपात किल्ली घालून ती स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहिली. आत अप्पा आहेत, ते ऐकताहेत, दोन पावलांवर आहेत, हे तिला माहीत होतं. किल्ली तिसऱ्या प्रयत्नाला फिरली. दार उघडलं तर ते खरंच दोन पावलांवर होते, घामाघूम.

तेव्हा तिला राग आला. आजाराचा नाही, त्यांचा.

“दोन वर्षं मला वाटत होतं मी तशी बरी आहे,” ती म्हणाली. “बोटं तेवढी बिघडलीत, बाकी जमतंय. निम्म्या आजारावर तुम्ही बसून होता आणि मला पत्ता नाही. एकदा विचारायचं तरी होतं, सैल करून ठेवू का म्हणून.”

“विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

‘जमतंय,’ असंच ती म्हणाली असती. अप्पा चहा टाकायला आत गेले. साखरेची बरणी त्यांनी उघडली नाही. नियम म्हणजे नियम.

आठव्या दिवशीच्या फॉर्मवर ‘अजिबात नाही’ फक्त एका ठिकाणी राहिलं, ‘जेवताना पाण्याचा पेला तोंडाला लावताना’. आकडा रेषेच्या चांगलाच वर गेला. आपला आजार एवढा आहे हे कागदावर वाचून तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं उलटंच. जे दोन वर्षं कुणालाच नीट दिसलं नव्हतं ते आता दिसत होतं, आणि दिसलं म्हणजे त्यावर इलाज होता.

मग छातीचा फोटो, रक्ताच्या तपासण्या, कुठं जुना क्षय दडून बसलेला नाही ना याची खात्री, सह्या, शिक्के. सहा आठवड्यांनी पहिलं इंजेक्शन घरी आलं आणि फ्रिजमध्ये लोण्याच्या शेजारी बसलं. दर दुसऱ्या सोमवारी ते अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवायचं, ही कामगिरी अप्पांनी न सांगता आपल्याकडे घेतली. टोचायचं तिचं तिनं, मांडीत. ती टोचत असताना ते पाठ करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि मोठ्यानं दहापर्यंत मोजत. खरं तर मोजायची काही गरज नव्हती.

पहिल्या इंजेक्शननं काही झालं नाही. दुसऱ्यानंही नाही. तिसऱ्यानंतर एका सकाळी तिनं केस विंचरले, बांधले, चपला घातल्या आणि जिना निम्मा उतरल्यावर तिच्या लक्षात आलं की आज बोटं सोडवत बसायला वेळ लागलाच नाही. एरवी सकाळचे दीड-दोन तास हात गोठल्यासारखे असायचे. ती जिन्यावरच थांबली. मूठ वळली. उघडली. पुन्हा वळली. खालून वर येणाऱ्या शेजारणीला वाटलं ही आपल्यालाच टाटा करतेय, म्हणून तिनंही हात हलवला.

पुढं बोट उतरत गेलं. आधी पेरं दिसू लागली, मग सुरकुत्याही. कोपरांवरचे चट्टे गुलाबी झाले आणि विरले. तिनं दोन वर्षांनी आखूड बाह्यांचा कपडा घातला आणि दिवसभर उगाचच कोपर टेकत राहिली. गोळीचा डोस निम्म्यावर आला आणि मळमळवाराचा परत मंगळवार झाला.

“हे गेलेलं नाही बरं का,” डॉक्टरबाईंनी बजावलं. “आवरलंय. ताप आला, खोकला झाला तर इंजेक्शन घ्यायचं नाही, आधी मला फोन करायचा. तपासण्या चालूच राहणार.”

“म्हणजे व्हॉल्व्ह बसलाय,” अप्पा शेजारून म्हणाले. “पाणी मागे आहेच.”

“अगदी बरोबर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. हे वाक्य पुढं त्यांनी इतर रोग्यांनाही ऐकवायला सुरुवात केली.

घरातली झाकणं आता घट्ट असत. कोण आवळतं, कोण नाही, याबद्दल बोलणं होत नसे. फक्त सकाळी कॉफीच्या बरणीचं झाकण ‘टक्’ असं वाजून निघालं की खिडकीशी पेपर वाचणारे अप्पा पान उलटायचे, वाचून झालेलं असो वा नसो.

नवीन वर्षाला नऊ दिवस उरले असताना ती दुकानात मागच्या टेबलाशी गेली आणि कापड ओढून काढलं. चिमटा, बारीक स्क्रूड्रायव्हर, भिंग, स्क्रूंची कप्प्यांची डबी, सगळं होतं तिथंच होतं. मालक काम करून प्रत्येक गोष्ट तिच्याच जागी ठेवत आले होते. ते दारात उभे राहून बघत होते. पहिला स्क्रू चिमट्यातून उडाला आणि कुठं गेला तो सापडला नाही. दुसरा बसला.

“सातवर जायची तयारी होती माझी,” मालक म्हणाले आणि नाक शिंकरायला बाहेर गेले.

त्यानंतर आठवड्याभरानं, दुपारच्या निवांत वेळी, दुकानाचं दार ढकलून अप्पा आत आले. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. इतक्या वर्षांत ते इथं कधी आले नव्हते. मालकांना मान लववून ते काउंटरपुढं न थांबता सरळ तिच्या टेबलापाशी गेले आणि चष्मा काढून तिच्यापुढं ठेवला, दोऱ्यासकट. मग वरच्या खिशातून एक कागदाची पुडी काढली.

“स्क्रू पडलाय,” ते म्हणाले. “बघ.”

पुडी भिंतीवरच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं, घड्यांवर मऊ पडलेलं. तिनं ती उलगडली. आत स्क्रू होता, जिऱ्याच्या दाण्याहून लहान. पानावरची तारीख मागच्या वर्षीची होती. तिनं ती दोनदा वाचली. ती टेबलावरून उठून काउंटरला गेली होती, त्यानंतरच्या चौथ्या दिवसाची.

मालक मागे येऊन उभे राहिले होते. “काका, एवढ्यासाठी वर्षभर दोरा बांधून फिरलात? मला सांगायचं. दोन मिनिटांचं काम.”

“घाई नव्हती,” अप्पा म्हणाले.

तिनं खाली मान घालून पात्यानं दोरा कापला. भिंग डोळ्याला लावलं, ते आधी एकदा पुसावं लागलं. स्क्रू चिमट्यात धरला. तर्जनी काडीखाली, अंगठा वर. छिद्राच्या तोंडाशी तो क्षणभर डगमगला आणि मग आत बसला. तिनं फिरवायला सुरुवात केली. एक आटा. दुसरा. तिसरा. तो तळाला टेकल्याचं बोटाच्या टोकाला कळलं, स्वच्छ, पूर्वी कळायचं तसं.

“अर्धा आटा मागे घेऊ?” तिनं मान वर न करता विचारलं.

“छे,” अप्पा म्हणाले. “पूर्ण आवळ.”